रात्रीचा दर

आमच्या चकलांब्यात जनावरं दिवसा आजारी पडत नाहीत. दिवसा ती रवंथ करतात, शेपटीनं माश्या हाकलतात आणि डॉक्टर समोरच्या रस्त्यानं मोटारसायकलवर गेले तरी मान वळवून बघत नाहीत. दुखणं उठतं ते रात्री. लाइट गेलेली असताना, नाहीतर घरचे सगळे लग्नाला गेवराईला गेलेले असताना. गोठ्यात दोन जर्शी गायी, दावणीला चार शेळ्या आणि ओट्यावर टिप्या नावाचा गावठी कुत्रा, एवढ्या बारदान्यावर मला जे उमगलं ते लिहितेय. बरंचसं पैशाबद्दल आहे. जीव वाचल्यावर पैशाचं काय बोलायचं, असं सगळे म्हणतात; पण महिनाभरानं डोक्यात उरतो तो आकडाच. निदान माझ्या तरी.

१. औषध महाग नसतं, रात्र महाग असते. आमची राणी गाय तिसऱ्या वेताला व्याली आणि दुसऱ्या रात्री बसली ती उठेचना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, डोळे थिजलेले. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरलं की असं होतं, जास्त दुधाच्या गायीला विशेष. डॉक्टर आले, मानेच्या शिरेत सुई घातली आणि बाटली माझ्या हातात दिली. "वहिनी, हात खाली येऊ देऊ नका, पण फार वरही धरू नका." कॅल्शियम झपाट्यानं गेलं तर गायीचं हृदय बंद पडू शकतं, म्हणून ते हळूहळू सोडायचं आणि छातीला नळी लावून ठोके ऐकत राहायचं. अर्धी बाटली गेली तशी राणीच्या अंगावर थरथर उठली. तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, आणि बाटली संपल्यावर थोड्या वेळानं पुढचे गुडघे टेकून मागचं धड उचललं. बिल झालं तीन हजार. सकाळी मी रिकाम्या बाटलीवरची छापील किंमत वाचली. आमच्या घरच्या महिन्याच्या चहापत्तीपेक्षा कमी! मग बाकीचे पैसे कशाचे? पेट्रोलचे, मोडलेल्या झोपेचे, आणि त्या वेळी दुसरं कुणी येणार नव्हतं याचे. या शेवटच्या गोष्टीला बिलात कुठलाच रकाना नसतो, पण सगळ्यात जास्त पैसे तिचेच लागतात असा माझा संशय आहे.

२. बिल मला रुपयांत कळत नाही, लिटरमध्ये कळतं. २०२४ च्या सुरुवातीला आमच्या दुधाला २७ रुपये मिळत होते. तीन हजार म्हणजे १११ लिटर. राणी दिवसाला १२ लिटर देते. म्हणजे नऊ दिवस तिनं डॉक्टरांसाठी दूध द्यायचं आणि त्या नऊ दिवसांची सरकी पेंड, मका, कडबा आम्ही पदरचा घालायचा. त्याच जानेवारीत सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान सुरू केलं. आमच्या ह्यांनी वहीच्या एका पानावर अनुदान आणि समोरच्या पानावर डॉक्टर असा हिशेब मांडला. वही मिटली की दोन्ही पानं एकमेकांना भेटतात, हा त्यांचा विनोद. मला तेव्हा हसू आलं नाही.

३. फुकटच्या गोष्टींनाही घड्याळ असतं. चकलांब्याला पोलीस ठाणं आहे. रात्री दोनला कुणी बांधावरून भांडलं तर तक्रार लिहून घ्यायला तिथं कुणीतरी जागं असतं. गाय रात्री दोनला अडली तर तिनं कुठं जावं? दिवसा सरकारी दवाखान्यात नाममात्र पैशांत उपचार होतात. लाळ्या-खुरकुताची लस फुकट मिळते, पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याचीही टोचून देतात. १९६२ नंबर फिरवला की फिरतं पथक मिळतं. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख जनावरांमागे एक गाडी असा हिशेब धरलेला आहे. हे कळलं तेव्हा मी गोठ्यात उभी राहून आमच्या दोघींकडे बघितलं. उरलेल्या नव्व्याण्णव हजारांवर दात ठेवण्यात अर्थ नव्हता, त्यांच्याही मालकिणी जाग्याच असणार. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराला सरकारी दवाखान्याची सेवा नाही आणि त्याची बाजारात खरेदी-विक्रीही नाही. राणीचा तो बारा आकडी नंबर आमच्या ह्यांना तोंडपाठ आहे. माझ्या मोबाइलचा नाही.

४. ज्याच्यावर राग धरला होता त्याला जवळून बघू नये, राग टिकत नाही. कालवड पहिल्यांदा व्यायला झाली आणि अडली. वासराचे पाय बाहेर, मुंडकं मागं वळलेलं. डॉक्टरांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी लावलं आणि सरळ शेणामुतात आडवे झाले. हात आत खांद्यापर्यंत, गाल गायीच्या मांडीला चिकटलेला. कळ आली की गाय त्यांचा हात आवळायची आणि ते डोळे मिटून थांबायचे. आतलं काही दिसत नाही, सगळं बोटांनी वाचायचं. मुंडकं सरळ झाल्यावर दोरी लावली. ओढायला आमचे हे, शेजारचे बप्पा आणि मी. नंतर हात धुताना डॉक्टर म्हणाले की अशा कामात सांसर्गिक गर्भपाताचा रोग डॉक्टरला लागू शकतो, आणि तो ताप वर्षानुवर्षं उलटतो. साडेपाच वर्षं शिकून माणूस हे काम करायला येतो. बरोबरीच्यांनी पुण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने थाटलेले. "नाही आलो तर शिव्या, आलो तर बिलावर शिव्या," असं ते अगदी सहज बोलले. मी चहा टाकायला आत गेले ती जरा जास्तच वेळ आत राहिले. आमचे हे बीडला हाडांच्या डॉक्टरची फी मुकाट्यानं मोजून येतात आणि वर "साहेब" म्हणतात. गोठ्यात मात्र शंभर रुपयांवरून घासाघीस. गायीचा डॉक्टर आपल्यातलाच वाटतो, म्हणून त्याच्याशी भाव करायचा. बाजारात भाजीवाल्या आक्कांशीसुद्धा आम्ही इतकं ताणत नाही.

तरी बिल जास्तच होतं. तेही लिहून ठेवते.

५. शेळी आजारी पडली की डॉक्टरच्या आधी खाटीक आठवतो. हे बोलायला वाईट आहे, पण गावात प्रत्येक घरात हाच विचार आधी येतो. बोकड सात-आठ हजारांचा. आंत्रविषार झाला तर सकाळी चांगलं चरणारं करडू संध्याकाळी पाय झाडून जातं. डॉक्टर बोलवावा तर हजार-दीड हजार, आणि वाचेल याची हमी नाही. थांबावं तर मेलेल्या जनावराचे पैसे शून्य. मधल्या अर्ध्या तासात बाई म्हणून माझ्या मनात जो हिशेब चालतो तो कुणाला ऐकवण्यासारखा नाही. शेळी म्हणजे आमच्याकडं बाईचा पैसा. मुलीच्या कॉलेजची फी, माहेरची ओटी, सगळं तिच्यातून निघतं. म्हणून तर हिशेब इतका कडक. उमेद अभियानातून बायकांना पशुसखीचं प्रशिक्षण मिळतं: जंताचं औषध, प्रथमोपचार, लसीकरणाची आठवण. ती काही डॉक्टर नाही, ऑपरेशन करणार नाही. पण आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घेतली का, हे ती चार वेळा विचारते. लाज वाटून का होईना, लस होते.

६. जनावर मेलं तर पैसे मिळण्याची सोय आहे, जगलं तर नाही. हे मला बप्पांच्या बैलानं शिकवलं. बप्पा आणि काकू दरसाल ऊसतोडीला कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीच्या सुमारास गाडी-बैल घेऊन कारखान्याची वाट धरायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावकडं लम्पी निघाला आणि सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले. त्यातच बप्पांच्या एका बैलाच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, पाय सुजले, गळ्याच्या पोळीखाली जखमा झाल्या. सरकारी लस फुकट होती, सरकारी उपचारही. पण जखमेत अळ्या दिसल्या की माणूस उद्याची वाट बघत नाही. खासगी इंजेक्शनं, मलमपट्टी, सलाईन, परत इंजेक्शन असं चालू राहिलं. काकू कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुवायच्या आणि बप्पा ओट्यावर बसून नुसते बघायचे, कारण एका बैलानं गाडी चालत नाही आणि घेतलेली उचल परत करायला पैसे नव्हते.

बैल वाचला. त्या वर्षी सरकारनं लम्पीनं मेलेल्या जनावरांची भरपाई दिली: दुधाळ गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. ज्यांचं जनावर गेलं त्यांना ती मिळालीच पाहिजे होती, त्यात काही शंका नाही. पण बप्पा एकदा पारावर म्हणाले, "मेला असता तर पंचवीस हजार आले असते. वाचला म्हणून मी आठ हजारांनी खाली आलो." सगळे हसले. बप्पाही हसले. विम्याचंही तेच. केंद्रानं २०२४ मध्ये पशुधन विम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, गोष्ट चांगलीच आहे. पण तो विमा जनावर दगावल्यावरचा. रात्रीच्या इंजेक्शनाला, अडलेल्या वेताला, पोटफुगीला तो लागू नाही. माणसासाठी दवाखान्याचा विमा निघाला. गायीच्या बाबतीत सगळ्या योजना तिच्या मरणापासून सुरू होतात. जगवायला लागणाऱ्या तीन हजारांसाठी कुठलाही अर्ज, कुठलाही रकाना मला अजून सापडलेला नाही.

७. कुत्र्याला बाजारभाव नसतो, आणि त्यामुळंच त्याचं बिल सगळ्यात अवघड. राणीवर तीन हजार घातले तर पाठीमागं ऐंशी हजारांची गाय उभी असते. टिप्यामागं काय? कडब्याच्या गंजीशेजारी त्याला घोणस चावली. पाय बघता बघता सुजला, तोंडातून लाळ. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच असते. माणसाला सरकारी दवाखान्यात फुकट टोचतात, जनावराला विकत आणावी लागते. आमचे हे रात्री गेवराईला औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं बिल करताना विचारलं, "पेशंटचं नाव?"

"टिप्या."

"आडनाव?"

हे थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आमचं आडनाव सांगितलं. ते बिल अजून कपाटात आहे, त्यावर टिप्या आमच्या घराण्यात रीतसर दाखल झालेला आहे.

कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी घालून ती हलवायची नाही, फेस होतो. दोन तळव्यांत धरून नुसती फिरवायची. डॉक्टरांनी ते काम माझ्या मुलीला दिलं. एकेक कुपी सातशे-आठशेची, आणि एका कुपीत भागत नाही. सगळं मिळून सहा हजारांच्या पुढं गेलं. टिप्या वाचला, पायाची कातडी मात्र झडली, अजून लंगडतो. गावात आठवडाभर तोच विषय. "कुत्र्यावर सहा हजार!" दळणाच्या गिरणीत, दूध डेअरीवर, सगळीकडं. मीही आधी तोंड लपवलं. कुणी विचारलं तर आकडा निम्मा करून सांगायची. आमच्या आत्याबाईंना कुत्रा म्हणजे फुकट खाणारं एक तोंड वाटतं. त्यांनीच शेवटी एकीला सुनावलं, "मागच्या साली माझ्या बाजेखाली जनावर निघालं तेव्हा कोण भुंकलं होतं? तू?" टिप्यासारख्या बीडच्या गावठी कुत्र्यांची जगानं एकदाच चौकशी केली. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून नेतात म्हणून देशोदेशी बातम्या झाल्या, वनखात्यानं दोन वानरं पकडून नागपूरकडं नेऊन सोडली. मग कॅमेरे गेले.

८. दवाखाना जवळ असला म्हणजे रडणं संपतं, असं मला वाटायचं. माझी भाची पुण्याला असते. तिच्या बोक्याची लघवी अडली. रात्रभर उघडा असणारा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर, आणि दारातच पंधरा हजार डिपॉझिट मागितलं. रडत फोन, "मावशी, गावाकडं किती घेतात गं?" मी तीन हजार सांगितल्यावर तिला तो स्वर्ग वाटला. मला तिच्याकडं दवाखाना आहे हा स्वर्ग वाटत होता. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, १६५ कोटींचं, दोनशे खाटांचं. परळला तर बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ इंग्रजांच्या काळापासून आहे. आम्हाला मोठा आधार म्हणजे परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९७२ पासूनचं. पण तिथवर गाय न्यायची तर टेम्पोचं भाडं उपचारापेक्षा जास्त, आणि पोटफुगी झालेली गाय शंभर किलोमीटरच्या पुढचा रस्ता बघून थांबत नसते. बिलाच्या तक्रारीत आपण एकटे आहोत असंही नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणानं पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांबद्दल लोकांचे अनुभव मागवले, तर ५६ हजार जणांनी कळवलं. पुढच्या वर्षी रीतसर चौकशीच बसली. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मावशी, तू हे कुठं वाचतेस?" गोठ्यात, रात्री, डॉक्टरांची वाट बघताना. नेट तेव्हाच चांगलं चालतं.

९. स्वस्त औषधाचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतं. पूर्वी जनावर लंगडलं की डायक्लोफेनॅकचं एक स्वस्त इंजेक्शन सगळीकडं मारलं जायचं. अशा जनावराचं मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातून गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आत्याबाईंना गावाबाहेर मेलेल्या बैलावर उतरलेले थवे आठवतात. माझ्या मुलीला गिधाड पुस्तकातलं माहीत. रात्री डॉक्टर येईनात म्हणून माणसाची गोळी गुळात घालून द्यायचा मोह होतो, तेव्हा मला ते थवे आठवतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. भाचीला हे आधीच सांगून ठेवलंय.

१०. जनावरासाठी पैसे उभे करायचे म्हटलं की जनावर कुणाचं, हा प्रश्न आधी येतो. आमच्या बचत गटात माणसाच्या दवाखान्याला रात्री उठवूनही कर्ज मिळतं, शेकडा दोननं. जनावराच्या दवाखान्यालाही तसंच द्यावं, असं मी सुचवलं. वाटलं होतं टाळ्या पडतील. बैठक अंधार पडेपर्यंत चालली. गायी-म्हशींना कुणाची हरकत नव्हती. शेळीवर एकीनं विचारलं, कर्ज काढून वाचवली आणि पुढच्या महिन्यात कापली तर? बैलावर खरी जुंपली. "बैल त्यांचा, उचल त्यांची, आन् कर्ज आपल्या नावावर?" काकू इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलल्या. कोंबड्यांचा मुद्दा हसण्यावारी गेला. मग मी हळूच टिप्याचं नाव काढलं. सगळ्या गप्प. सचिवबाईंनी विचारलं, "कुत्र्याला तारण काय गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाच हजारांपर्यंतची मर्यादा ठरली, बिल दाखवायचं ठरलं, आणि ठराव लिहायचं काम अक्षर बरं म्हणून माझ्याकडं आलं. गाय, म्हैस, शेळी मंजूर. बैल दोघांच्या सहीनं. कुत्रा पुढच्या बैठकीत.